टीके साधनसंचातील याद्यांचे एककालिक सरकणे

संगणकाच्या पडद्यावर शेजारी शेजारी मांडलेल्या दोन वा अधिक याद्या एकाच सरकपट्टीने एकदम वरखाली हलविण्याची योजना. टिकल भाषेच्या जोडीला निघालेल्या टीके या आलेखी साधनसंचात तिचा विकास स्पष्टपणे पाहावयास मिळतो. जॉन ऑस्टरहाउट यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात (बर्कली) १९८८ मध्ये टिकलची उभारणी सुरू केली. टीकेवरील त्यांचा निबंध १९९१ मध्ये यूसेनिक्स परिषदेत सादर झाला.

टीकेच्या मूळ यादीघटकात एकच स्तंभ असतो. नाव, दिनांक व रक्कम दाखवावयाची, तर तीन याद्या मांडाव्या लागत. त्यांतील एक जरी मागे राहिली, तरी एकाच्या नावासमोर दुसऱ्याची रक्कम येई आणि पडदा मात्र नीटनेटका दिसे. हा दोष म्हणूनच घातक होय.

टीकेत सरकपट्टी व यादी परस्परांना ओळखत नाहीत. पट्टी हलविली की ती ठरवून दिलेली आज्ञा उच्चारते. यादी सरकली की तीही आपल्या आज्ञेद्वारे पट्टीला नवे स्थान कळविते. या आज्ञा म्हणजे साधा मजकूर असल्याने मध्ये स्वतःची कार्यपद्धती घालता येते व तीच सर्व याद्यांना हलविते. ऑस्टरहाउट यांच्या रचनेतील हा सर्वांत दूरदर्शी भाग म्हणावा लागेल. तथापि पट्टीकडून याद्यांकडे जाणारी आज्ञा पुरेशी नसते. माउसचे चाक किंवा कळफलक यांमुळे एकच यादी हलते. म्हणून प्रत्येक यादीच्या सूचनेवरूनही इतर याद्या हलवाव्या लागतात.

१९९५ च्या ४.० आवृत्तीपूर्वी हे स्थान ओळींच्या संख्येत सांगितले जाई. पुढे ते ० ते १ यांमधील अपूर्णांकात सांगण्याची पद्धत आली. ही पद्धत सर्व घटकांना सारखी लागू पडते, पण ओळी समान असतील तरच याद्या जुळतात. २०० ओळींच्या यादीत ०.५ म्हणजे वरच्या कडेला १०१ वी ओळ, तर १८० ओळींच्या यादीत ९१ वी. अक्षरठसे निराळे असल्यासही उंची बिघडते. शिवाय एका यादीत निवड केली की दुसरीतील निवड पुसली जाते. एक्स विंडो प्रणालीतील सामायिक निवडीचा हा परिणाम असून तो बंद करावा लागतो.

डिसेंबर २००७ मधील ८.५ आवृत्तीत बहुस्तंभी वृक्षदर्शक घटक आल्यावर तक्त्यांसाठी ही खटपट बरीचशी अनावश्यक झाली. मजकुराशेजारच्या पट्टीसाठी मात्र ती टिकून आहे. पायथन भाषेबरोबर येणाऱ्या आयडल संपादकात २०१९ मध्ये आलेला ओळक्रमांकांचा पट्टा मजकुराबरोबर याच तत्त्वाने सरकतो.