‘पानी’ निजामानं आणलं नाही

धाराशिवचा माणूस पुण्यात ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणाला, की निदान तयार असतं: निजामाच्या उर्दूनं बिघडवलं! सप्टेंबर 1948पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. कारभार उर्दूत चाले, 1918च्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणही उर्दूतूनच. त्यामुळे गोष्ट चटकन पटते.

पण हाच ‘न’ साताऱ्याच्या शिवारातही ऐकू येतो, आणि तिथं कचेरीत उर्दू नव्हती.

स्पेनबद्दलही अशीच दंतकथा आहे. राजा बोबडा, दरबाऱ्यांनी त्याची नक्कल केली, म्हणून माद्रिदकडे ‘स’चा ‘थ’ झाला म्हणे. प्रत्यक्षात तिथं ‘स’ शाबूत आहे; ‘थ’ ठरावीक अक्षरांपुरताच.

उर्दूचा ठसा इथल्या शब्दांवर आहे, हे खरं. मात्र फारसी शब्द बहामनी काळापासून सगळ्याच मराठीत मुरलेले आहेत. मग ‘बिघडलं’ हे ठरवलं कुणी? शुद्धाशुद्धाची मापं निघाली ती मुंबई इलाख्यात: मोल्सवर्थचा 1831चा कोश, दादोबा पांडुरंगांचं 1836चं व्याकरण. धाराशिवकडचं नळदुर्ग-तुळजापूर तेव्हा निजामाकडे. तिथल्या लोकांना कोण विचारतो?

‘काय करलालास?’ ही या भागाची खरी खूण, पण ती क्रियापदाच्या रूपाची. उच्चारावरून टिंगल करणाऱ्यांचं तिच्याकडे लक्षच जात नाही.