नुकरा आणि सब्जा

लग्नसराईत जबलपूरच्या जुन्या वस्तीतील दीक्षितपुऱ्याच्या गल्लीतून वरात निघते, तेव्हा नवरदेवाला पाठीवर घेणारी घोडी पांढरीच लागते; आणि तिच्या अंगावरची जरीची झूल जरा बाजूस सरली, तर शेपटीच्या मुळाशी व गुदद्वाराभोवती हरभऱ्यापासून सुपारीएवढ्या काळ्या, टणक गाठी पुष्कळदा दृष्टीस पडतात. त्या पाहून कोणी धन्याच्या हयगयीला बोल लावतो, कोणी घोडीच अशुभलक्षणी ठरवतो. हे दोन्ही आरोप अन्यायाचे आहेत. आणि त्यांच्या निरसनाचा धागा आपल्याच दप्तरी भाषेत पडून आहे, असे माझे मत आहे.

सन १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे राज्य जिंकले, १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या डिसेंबरात जबलपूर इंग्रजांनी घेतले. मराठी फौजेत बारगीर सरकारी पागेच्या घोड्यावर बसे, शिलेदार स्वतःचे जनावर घेऊन चाकरीस राही. आणि ज्या काळी घोडा हीच शिपायाची सारी जिंदगी होती, त्या काळी घोड्याचा रंग सांगणे म्हणजे त्याची ओळख पटविणे होते. म्हणून कुमाईत, मुश्की, समंद, अबलख अशी फारसी वळणाची रंगनामे मराठी दप्तरांत रुजली. आज आपण ज्यांना सरसकट पांढरे म्हणतो, त्यांत त्या पारखी लोकांनी दोन जाती मानल्या होत्या. नुकरा जन्मतःच शुभ्र, कातडीने गुलाबी. सब्जा मात्र शिंगरू असताना काळा किंवा तांबडा, पुढे राखी होत होत सहा-आठ वर्षांत पांढरा होणारा, पण ज्याची कातडी आणि ओठ अखेरपर्यंत काळेच राहतात असा. काळ्या गाठींचा शाप आहे तो या सब्ज्याला.

या व्याधीचे नाव मेलॅनोमा, म्हणजे रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशींचे अर्बुद. पंधरा वर्षांवरील सब्ज्या घोड्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांना ते होते. माणसातील या रोगाचा उन्हाशी संबंध असतो. पण घोड्याच्या शेपटीखाली ऊन पोचतेच कोठे? खरे कारण २००८ मध्ये स्वीडनच्या उप्साला येथील संशोधकांनी उघड केले : एसटीएक्स१७ या जनुकाचा सुमारे ४६०० अक्षरांचा एक तुकडा दुप्पट झालेला असतो, आणि तोच केस पांढरे करतो व तोच अर्बुदाची प्रवृत्तीही देतो. जगातील सारे सब्जे घोडे हा बदल एकाच दूरच्या पूर्वजाकडून घेऊन आले आहेत. ज्या शुभ्रतेसाठी राजांनी आणि वरपित्यांनी हे जनावर निवडले, वाढविले, तिची किंमत ते मुके जनावर आपल्या देहावर मोजीत आले, हे मला फार लागते.

जुन्या साळोत्र्यांकडे, म्हणजे घोड्यांच्या वैद्यांकडे, डागणीसारखे उपाय होते. त्यांची निरीक्षणशक्ती आदरणीय असली तरी तापल्या लोखंडाने रोगाचे मूळ जाण्यासारखे नव्हते. या गाठी बहुधा वर्षानुवर्षे मंद वाढतात, मग एके दिवशी फुटतात, मलमार्ग अडवितात, किंवा यकृत-प्लीहेपर्यंत पसरतात. आणि तोवर थांबलेल्या धन्याच्या हाती फारसे काही उरत नाही. लहान असताना मात्र गाठ शस्त्राने काढता येते, अतिशीत द्रव्याने गोठविता येते, गाठीतच सिस्प्लॅटिन हे औषध टोचता येते. सिमेटिडीन या आम्लपित्ताच्या औषधाचाही प्रयोग झाला, पण त्याचा गुण सर्वत्र सारखा आला नाही. समूळ बरा करणारा उपाय नाही. लवकर लक्ष देणे, हाच काय तो आधार.

जबलपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून आहे. तेव्हा घोडीवाल्यांना आणि घोडी भाड्याने आणणाऱ्या यजमानांना माझी कळकळीची विनंती आहे, की झूल चढविण्यापूर्वी एकदा शेपटी उचलून पाहावे, आणि गाठ हरभऱ्याएवढी आहे तोवरच घोडीला तेथे न्यावे.