बायू क्लासिक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लुइझिॲना राज्यात ग्रॅम्ब्लिंग स्टेट व सदर्न या विद्यापीठांच्या संघांत दरवर्षी होणारा अमेरिकन फुटबॉलचा सामना. दोन्ही विद्यापीठे वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी निघाली. राज्याच्या सखल भागातील संथ, पाणथळ प्रवाहांना ‘बायू’ म्हणतात. त्यांवरून हे नाव पडले. थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शनिवारी न्यू ऑर्लीअन्स येथे सामना भरविण्याचा प्रघात आहे.

सदर्नला १८८० मध्ये सनद मिळाली. ते न्यू ऑर्लीअन्समध्ये सुरू झाले व १९१४ मध्ये बॅटन रूझजवळ हलविण्यात आले. ग्रॅम्ब्लिंगचा उगम मात्र उत्तर लुइझिॲनातील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या खटपटीतून झालेल्या ग्रामीण शाळेत (१९०१) आहे. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी टस्कीगीहून पाठविलेले चार्ल्स ॲडम्स हे तिचे पहिले प्रमुख. जुनी, राजधानीजवळची संस्था आणि आडगावातील धाकटी संस्था, असा या चुरशीचा मूळ पाया होय. उभय संघ १९३२ मध्ये प्रथम एकमेकांविरुद्ध खेळले.

लुइझिॲनाने १९५६ मध्ये कायदा करून गोऱ्या व काळ्या खेळाडूंच्या एकत्र स्पर्धांना बंदी घातली; ती १९५९ मध्ये न्यायालयीन निर्णयाने रद्द झाली. न्यू ऑर्लीअन्सच्या तुलेन क्रीडागारात कृष्णवर्णीय प्रेक्षकांना पूर्वी वेगळे बसावे लागे. त्याच क्रीडागारात १९७४ मध्ये पहिला ‘बायू क्लासिक’ झाला व सु. ७६,००० प्रेक्षकांसमोर ग्रॅम्ब्लिंगने २१–० असा विजय मिळविला. पुढील वर्षापासून तो नव्या सुपरडोममध्ये होऊ लागला. कट्रीना चक्रीवादळामुळे २००५ चा सामना ह्यूस्टन येथे घ्यावा लागला.

ग्रॅम्ब्लिंगचे प्रशिक्षक एडी रॉबिन्सन (१९१९–२००७) यांचे बालपण प्रतिस्पर्ध्यांच्याच बॅटन रूझमध्ये गेले. त्यांनी १९४१ मध्ये सूत्रे हाती घेतली, तेव्हा मैदानावरील गवत कापण्यापासून सामन्यांचे वृत्तांत लिहिण्यापर्यंत सर्व कामे तेच करीत. १९८५ मध्ये त्यांनी बेअर ब्रायंट यांचा ३२३ विजयांचा विक्रम मोडला; निवृत्तीसमयी त्यांचे ४०८ विजय झाले होते. त्यांचा अखेरचा सामना १९९७ चा बायू क्लासिकच होता. तो सदर्नने ३०–७ असा जिंकला. त्यांचा शिष्य डग विल्यम्स हा सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला (१९८८). सदर्नचा मेल ब्लाउंट हाही व्यावसायिक फुटबॉलमध्ये नामांकित झाला.

सामन्याइतकीच, किंबहुना कित्येकांच्या लेखी अधिक, चुरस दोन्ही वाद्यवृंदांत असते. आदल्या रात्री त्यांची जुगलबंदी होते. ग्रॅम्ब्लिंगच्या वाद्यवृंदाने १९६७ मधील पहिल्या सुपर बोलमध्ये वादन केले होते.

वर्णभेद संपुष्टात आल्यावर गोऱ्यांच्या श्रीमंत विद्यापीठांनी गुणी कृष्णवर्णीय खेळाडू आपल्याकडे ओढले. ज्या बंदीमुळे या दोन संघांना उत्तम खेळाडू मिळत, ती उठताच त्यांचे बळ घटले, हा या इतिहासातील पेच होय. पुढे राज्याच्या अनुदानातही मोठी कपात झाली. ऑक्टोबर २०१३ मध्ये ग्रॅम्ब्लिंगच्या खेळाडूंनी बुरशी धरलेल्या इमारती व लांबलचक बसप्रवास यांविरुद्ध तक्रार करून जॅक्सन स्टेटविरुद्धच्या सामन्याला जाण्यास नकार दिला व तो सामना सोडून द्यावा लागला. त्यानंतर संघ पुन्हा मैदानात उतरला आणि त्या वर्षीचा बायू क्लासिक ठरल्याप्रमाणे सुपरडोममध्ये पार पडला.