जगज्जेता कोणत्या गावचा?

क्रिकेटचा किंवा हॉकीचा संघ मैदानात उतरतो, तेव्हा तो कोणत्या देशाचा हे विचारावं लागत नाही. देशाच्या निवड समितीनं त्याला निवडलेलं असतं, छातीवर देशाचं चिन्ह असतं. ऑलिंपिकमधला मुष्टियोद्धाही असाच देशाची बनियन घालून उतरतो. पण एकदा का तो पैशासाठी लढू लागला, की ती बनियन उतरते. मग त्याला कुठली निवड समिती नाही. लढत ठरवतो प्रमोटर, पैसे देतो टीव्ही. आणि रिंगमध्ये उभ्या असलेल्या या उघड्या छातीच्या माणसाला देश चिकटवतात ते तिकिटं विकणारे, बातम्या लिहिणारे आणि आरडाओरडा करणारे आपण प्रेक्षक. तो कधी घट्ट चिकटतो, कधी चिकटतच नाही. लेनॉक्स लुईसची गोष्ट ही अशा न चिकटलेल्या देशाची आहे.

लुईसचा जन्म 1965 चा, लंडनच्या वेस्ट हॅम भागातला. आईवडील जमैकाचे. बारा वर्षांचा असताना तो आईकडे कॅनडात, ओंटारिओ प्रांतातल्या किचनर या गावी राहायला गेला. तिथल्या शाळेत पोरांनी त्याला चिडवलं ते त्याच्या लंडनच्या बोलीवरून. चिडवाचिडवीतून हाणामाऱ्या झाल्या आणि हाणामाऱ्यांतून पोरगा बॉक्सिंगच्या क्लबात पोचला. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो कॅनडाकडून उतरला आणि उपांत्यपूर्व फेरीत हरला. चार वर्षांनी सोलमध्ये अमेरिकेच्या रिडिक बो याला दुसऱ्याच फेरीत थांबवून त्यानं सुवर्णपदक घेतलं. मुष्टियुद्धात कॅनडाला 1932 नंतर, म्हणजे तब्बल 56 वर्षांनी मिळालेलं हे सुवर्ण.

याच सोलमध्ये, याच कॅनडाच्या पथकात बेन जॉन्सन होता. तोही जमैकात जन्मलेला. शंभर मीटरची शर्यत त्यानं विश्वविक्रमी वेळेत जिंकली तेव्हा तो कॅनडाचा वीर होता. तीन दिवसांत उत्तेजक औषधाचं प्रकरण उघडकीस आलं, पदक गेलं, आणि बातम्यांमध्ये तो पाहता पाहता 'जमैकात जन्मलेला धावपटू' झाला. त्यानंतर आठवडाही उलटला नव्हता, तोच लुईसनं कॅनडासाठी सुवर्ण जिंकलं. आपल्या सहकाऱ्याचं नागरिकत्व असं छापील ओळींमध्ये पातळ होत जाताना त्यानं जवळून पाहिलं असणार.

1989 मध्ये लुईस व्यावसायिक झाला आणि लंडनला परतला. कारण साधं होतं, व्यवहाराचं. ब्रिटनमध्ये त्याच्यावर पैसा लावणारे लोक होते, आणि ब्रिटनला हेवीवेटचा जगज्जेता हवा होता. या भुकेमागे जवळजवळ शंभर वर्षांचा उपास होता. याआधी हा किताब ब्रिटिश माणसानं जिंकला होता तो 1897 मध्ये, बॉब फिट्झसिमन्स यानं. आता या फिट्झसिमन्सचंच पाहा ना. जन्म कॉर्नवॉलचा खरा. पण लहानपणीच घरच्यांबरोबर तो न्यूझीलंडला गेला, लोहारकाम तिथं शिकला, मुष्टियुद्ध ऑस्ट्रेलियात पक्कं केलं आणि किताब जिंकला तो अमेरिकेतल्या नेवाडात. इंग्लंडशी त्याचा संबंध जन्मापुरता आणि बालपणापुरता. तरी ब्रिटिश क्रीडालेखकांनी त्याला शंभर वर्षं बिनतक्रार आपल्या यादीत ठेवला. लुईसचा संबंधही तेवढाच होता, उलट थोडा जास्तच. त्याला मात्र दर वार्ताहर परिषदेत तोच प्रश्न: तुम्ही नक्की कुठले?

1992 मध्ये त्यानं लंडनमध्ये डोनोव्हन रडॉक या, जमैकातच जन्मलेल्या, कॅनडाच्या बलाढ्य गड्याला दोन फेऱ्यांत झोपवलं. जगज्जेता झालेल्या बो याला आता लुईसशी लढणं भाग होतं. त्यानं लढण्याऐवजी जागतिक मुष्टियुद्ध परिषदेचा पट्टा लंडनमध्ये, पत्रकारांसमोर, कचऱ्याच्या डब्यात टाकला. किताब लुईसकडे आला. ब्रिटनचा उपास सुटला, पण पंगतीत कोणी टाळी वाजवली नाही.

लोकांचं प्रेम दुसऱ्याच माणसावर होतं. फ्रँक ब्रुनो. तोही लंडनचा, तोही कृष्णवर्णीय, त्याचेही आईवडील कॅरिबियन बेटांवरून आलेले. म्हणजे हा प्रश्न निव्वळ कातडीच्या रंगाचा नव्हता. ब्रुनो मोठ्यानं हसायचा, बीबीसीच्या हॅरी कारपेंटरशी गप्पा मारताना त्याचं एक ठरलेलं पालुपद असायचं, नाताळच्या विनोदी नाटकांत तो कामं करायचा, सॉसच्या जाहिरातीत दिसायचा. आणि तो हरायचा. 1986 मध्ये विदरस्पूनकडून, 1989 मध्ये टायसनकडून. शूरपणे लढून, मार खाऊन हरायचा. इंग्रजांना असा हरणारा माणूस फार जवळचा वाटतो. लुईस बुद्धिबळ खेळायचा, शांत बोलायचा, डाव्या हाताच्या ठोशानं अंतर राखून सावधपणे लढायचा. लढत कंटाळवाणी होते ही त्याच्याविषयीची तक्रार अगदीच खोटी नव्हती, हेही सांगायला हवं. पण मुख्य तक्रार होती ती उच्चारांची. लहानपणी किचनरमध्ये तो लंडनच्या उच्चारांमुळे परका ठरला होता. लंडनमध्ये तो कॅनडाच्या उच्चारांमुळे परका ठरला.

हे वाचताना मला हसू येतं, त्याचं कारण थोडं घरगुती आहे. मी चाळीस वर्षं मराठीत कविता लिहितो आहे. अजूनही एखाद्या गावी कवितावाचन संपवून व्यासपीठावरून खाली उतरलो, की कोणी तरी मनापासून हात हातात घेऊन म्हणतं, 'तुमचं मराठी किती छान आहे हो!' त्यात प्रेमच असतं. फक्त माझ्या आधी वाचून गेलेल्या कुलकर्ण्यांना ते कोणी म्हणालेलं नसतं.

असो. 1993 च्या ऑक्टोबरात कार्डिफला लुईस आणि ब्रुनो समोरासमोर आले. दोन ब्रिटिश माणसांत हेवीवेटच्या जागतिक किताबाची अशी लढत विसाव्या शतकात कधी झाली नव्हती. अमेरिकन टीव्हीच्या सोयीसाठी ती मध्यरात्र उलटल्यावर सुरू झाली. मैदानातला मोठा आवाज ब्रुनोचा होता; जगज्जेता आपल्याच जन्मदेशात पाहुणा होता. लुईसनं सातव्या फेरीत लढत संपवली. लढतीआधी त्याच्या तोंडचा एक शब्द वादाचा ठरला होता: 'अंकल टॉम', म्हणजे गोऱ्यांच्या मर्जीत राहणारा काळा माणूस. ब्रुनोला तो फार लागला. दोन वर्षांनी, 1995 मध्ये, वेम्बलीवर ऑलिव्हर मॅकॉलला हरवून ब्रुनो अखेर जगज्जेता झाला. सारं स्टेडियम गात होतं. त्या क्षणी, रिंगमध्ये रडत रडत, तो सांगत होता की मी अंकल टॉम नाही, मी माझ्या माणसांना विकलेलं नाही. ज्याला देशानं डोक्यावर घेतलं, त्यालाही त्या प्रेमाचा खुलासा द्यावा लागला. मला तर या साऱ्या कथेतला सर्वांत अवघड क्षण हाच वाटतो.

यावर एक वेगळी वाट बॅरी मॅगिगननं काढली होती. आयर्लंडच्या सरहद्दीवरच्या क्लोनिस गावचा हा कॅथलिक मुलगा. 1978 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो उत्तर आयर्लंडकडून खेळला, 1980 च्या ऑलिंपिकमध्ये आयर्लंडकडून, आणि व्यावसायिक झाल्यावर ब्रिटिश किताबासाठी लढता यावं म्हणून त्यानं ब्रिटिश नागरिकत्व घेतलं. ते दिवस असे होते, की बेलफास्टमध्ये झेंड्यावरून माणसं मारली जात. मॅगिगननं दोन्ही झेंडे बाजूला ठेवले आणि शांततेचं कबुतर घेतलं. राष्ट्रगीताऐवजी त्याचे गायक वडील पॅट 'डॅनी बॉय' हे दोन्ही बाजूंना आपलं वाटणारं गाणं गात. 8 जून 1985 ला लंडनच्या लॉफ्टस रोड मैदानावर त्यानं युसेबिओ पेड्रोझाला पंधरा फेऱ्यांत हरवलं, तेव्हा दोन्ही पंथांचे लोक एकत्र ओरडत होते. त्या वर्षी बीबीसीच्या प्रेक्षकांनी वर्षाचा खेळाडू म्हणून त्यालाच निवडलं. पण ही वाट लुईसला मोकळी नव्हती. मॅगिगनला दोन देश आपला म्हणत भांडत होते. लुईसवरून भांडायला कोणी नव्हतं.

त्याला आपलं म्हणायला ब्रिटनला एक अन्याय लागला. 13 मार्च 1999 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लुईस आणि अमेरिकेचा इव्हँडर होलिफील्ड यांची लढत झाली. मोजणाऱ्यांच्या हिशोबानं लुईसचे 348 ठोसे लागले, होलिफील्डचे 130. निकाल आला बरोबरीचा. अमेरिकन पंच युजेनिया विल्यम्स यांनी होलिफील्डला विजयी ठरवलं होतं. न्यूयॉर्कमध्ये चौकशा बसल्या आणि ब्रिटनच्या वर्तमानपत्रांत एकच ओरड झाली, की अमेरिकेनं आमच्या माणसाला लुटलं. 'आमच्या' हा शब्द लुईसच्या वाट्याला असा आला. नोव्हेंबरात लास व्हेगासला त्यानं होलिफील्डला स्वच्छ गुणांनी हरवलं, तिन्ही प्रमुख किताब एकत्र केले आणि डिसेंबरात बीबीसीच्या प्रेक्षकांनी मॅगिगनला दिलेला तोच मान त्याला दिला.

मार्चच्या त्या रात्री तीन पंच होते. विल्यम्सबाई अमेरिकेच्या. लुईसला विजयी ठरवणारे स्टॅन्ली ख्रिस्तोडोलू दक्षिण आफ्रिकेचे. आणि ज्यांनी दोघांना समान गुण दिल्यामुळे लढत बरोबरीत सुटली, ते लॅरी ओकॉनेल ब्रिटनचे.