मीठ कितीस पडतें?

एखादा जिन्नस बाजारांत केवढ्यास मिळतो आणि तो आपल्या घरीं कितीस पडतो, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. पहिल्याचें उत्तर दुकानदार देतो. दुसऱ्यासाठीं मूळ किंमत, भाडें, जकात, हमाली आणि वाटेंतील नासधूस यांची बेरीज मांडावी लागते. व्यापाऱ्यानें ती मांडावी यांत नवल नाहीं. परंतु एका राजानें ती आपल्या अंमलदाराकडून मांडविली, आणि तीहि मिठासारख्या सवंग जिनसाची, असा एक दाखला आपल्या इतिहासांत आहे. श्रोत्यांपुढें आज तोच ठेवावयाचा आहे.

इ. स. 1671 च्या अखेरीस शिवाजी महाराजांनीं कुडाळचे सरसुभेदार नरहरि आनंदराव यांस एक पत्र पाठविलें. कुडाळच्या दक्षिणेस बारदेश. तो 1543 पासून पोर्तुगीजांच्या ताब्यांत होता. तेथील मीठ स्वस्त, आणि महाराजांच्या मुलुखांतील संगमेश्वराकडचें मीठ त्या मानानें महाग. घाटावरून बैल घेऊन उतरणारा उदमी साहजिकच बारदेशाकडे वळणार. तसें झालें तर आपलीं बंदरें ओस पडतील, ही चिंता पत्रांत स्पष्ट आहे.

यावर बारदेशचें मीठ बंद करा, असा हुकूम महाराजांना देतां आला असता. तो त्यांनीं दिला नाहीं. त्यांनीं हिशेब करावयास सांगितलें. पत्राचा आशय असा कीं, बारदेशांत मीठ काय भावानें विकतें, त्यावर जकात व खर्च किती बसतो, याची बेरीज घ्यावी. संगमेश्वराकडील मिठाचा निरख तिच्याशीं ताडून पाहावा. आणि बारदेशचें मीठ महाग पडेल इतकी जबर जकात घाटीं बसवावी.

या आज्ञेंतील खुबी आंकड्यांवांचून ध्यानांत येणार नाहीं. पुढील आंकडे पत्रांतील नव्हेत, केवळ समजुतीसाठीं मीं घेतले आहेत. एका बैलाच्या ओझ्याइतकें मीठ बारदेशांत 4 आण्यांस मिळतें आणि घाट चढवून बाजारीं नेण्यास 6 आणे लागतात, असें धरूं. म्हणजे तें 10 आण्यांस पडलें. संगमेश्वराकडे तेंच ओझें 7 आण्यांस, वर भाडें 5 आणे, एकूण 12. नुसत्या मूळ किंमती पाहणारा अंमलदार म्हणेल, फरक 3 आण्यांचा आहे. परंतु मुक्कामीं पोंचलेल्या मालांतला फरक 2 आण्यांचाच आहे. जकात 1 आणा बसविली तर उदमी ती मुकाट्यानें भरील आणि बारदेशची वाट सोडणार नाहीं. 3 आणे बसविली तर त्याचे बैल आपोआप वळतील. त्यांना हाकण्यास शिपाई नको. आणि 10 आणे बसविली तर? मग रात्रीच्या आडवाटा सुरू होतात. ती बेरीज करण्याची तसदी घ्यावयाची ती एवढ्याचसाठीं.

मिठाच्या बाबतींत हें विशेष खरें आहे. रेशमाचें ओझें इतकें मोलाचें कीं त्यावर बैलाचें भाडें नगण्य ठरतें. मीठ जड व हलक्या किंमतीचें. त्यांत मूळ किंमतीहून वाटखर्चच अधिक भरावयाचा. पावसानें गोणी भिजली कीं माल पाझरून गेला, तो तोटा निराळाच.

आतां एक गोष्ट बोलून दाखविणें अवश्य आहे. या जकातीनें मिठागरांतील लोकांची चूल पेटती राहिली असेल. पण वरचे आणे दिले कोणीं? घाटावरच्या गरीब कुणब्यानें. मीठ महाग झालें म्हणून तें खाणें सोडतां येत नाहीं. संरक्षक जकातीची किंमत अशी कोणाच्या तरी ताटांतूनच वसूल होते. तरीहि शेजारीं परसत्तेचें बंदर असतां मिठासाठीं सर्वस्वीं तिच्या तोंडाकडे पाहणें अधिक धोक्याचें होतें, असें मला वाटतें.

राजाचा हिशेब असा एकाच घाटापुरता होता. पुढें पेशवाईंत व्यापाऱ्याचा हिशेब फार बिकट झाला. माल भरला तेथें थळभरीत, विकला तेथें थळमोड, आणि मधल्या प्रत्येक परगण्यांत बैलाच्या ओझ्यामागें वाटेची जकात. वसुलीहि बहुधा मक्त्यानें दिलेली. पुण्याचा माल दूर देशीं कितीस पडेल हें कोणी छातीठोकपणें सांगावें? तें सांगणारा एक वर्ग निर्माण झाला, तो हुंडेकऱ्यांचा. एलफिन्स्टननें आपल्या 1819 च्या अहवालांत त्यांचें वर्णन केलें आहे. व्यापारी हुंडेकऱ्यास एक ठरीव रक्कम देई. वाटेवरील सर्व जकातदारांशीं त्याचें आधींच संधान असे. तो मालाबरोबर जाई किंवा नुसती चिठ्ठी देई, आणि जकातीचा हिशेब मागाहून चुकता करी. अंदाज चुकला तर बुड हुंडेकऱ्याची. व्यापाऱ्यास आपला आंकडा निघण्यापूर्वींच ठाऊक. अशा ठरावास हुंडाभाडें म्हणत.

1838 च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील या वाटेवरच्या जकाती उठल्या. नाके गेले, चिठ्ठ्या गेल्या. हुंडेकरी हें आडनांव मात्र महाराष्ट्रांत अजून ऐकूं येतें.