संपीडक, लहान विमान-टरबाइन एंजिनांतील

वायू टरबाइन एंजिनात बाहेरची हवा ओढून घेऊन ती ज्वलनकक्षात जाण्यापूर्वी दाबणारे यंत्र. दाबलेल्या हवेत इंधन जळते, तप्त वायू टरबाइन फिरवितात आणि टरबाइनच्या शक्तीचा मोठा भाग, बहुधा निम्म्याहून अधिक, पुन्हा संपीडक फिरविण्यातच खर्ची पडतो. त्यामुळे संपीडकाची कार्यक्षमता थोडी जरी घटली, तरी उपयोगी शक्तीत मोठी तूट येते.

केंद्रोत्सारी संपीडकात हवा पात्यांच्या चक्रात मध्याशी शिरते, परिघाकडे भिरकावली जाते आणि भोवतालच्या रुंदावत जाणाऱ्या मार्गांत तिचा वेग कमी होऊन दाब वाढतो. अक्षीय संपीडकात ती दंडाला समांतर वाहते. फिरत्या व स्थिर पात्यांची प्रत्येक जोडी दाब थोडाथोडा वाढविते. फ्रँक व्हिटल यांनी १९३७ साली चालवून दाखविलेल्या झोत एंजिनात पहिला प्रकार होता.

मुंबईच्या उपनगरांत या दोन्ही प्रकारांची एंजिने आली. जुहू विमानतळावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानाचे एंजिन पिस्टनचे होते. इंडियन एअरलाइन्सने १९५७ मध्ये सेवेत आणलेल्या व्हायकाउंट विमानांच्या रोल्स-रॉइस डार्ट एंजिनात मात्र एकामागे एक अशी दोन केंद्रोत्सारी चक्रे दर मिनिटास सुमारे १५,००० फेरे घेत. त्यांची कर्कश शीळ सर्वपरिचित होती. एअर-इंडियाची बोइंग ७०७ विमाने १९६० पासून सांताक्रूझला येऊ लागली. त्यांच्या कॉनवे एंजिनांत अक्षीय संपीडक होते.

मोठ्या एंजिनांतून केंद्रोत्सारी संपीडक असा मागे पडला, तरी लहान एंजिनांत तो टिकला. याचे कारण फटीत आहे. पात्याचे टोक व आवरण यांमध्ये ०·३ मिमी. फट ठेवावी लागली, तर १०० मिमी. उंच पात्याच्या दृष्टीने ती नगण्य ठरते, १० मिमी. उंच पात्याच्या बाबतीत मात्र ती उंचीच्या ३ टक्के होते आणि तेवढ्या वाटेने दाबलेली हवा मागे निसटते. शिवाय इवलीशी पाती धूळ व खडे यांनी लवकर झिजतात. म्हणून पुढे एक-दोन अक्षीय टप्पे व शेवटी केंद्रोत्सारी चक्र अशी तडजोड रूढ झाली.

मुंबई हाय येथे १९७४ मध्ये तेल सापडले. किनाऱ्यापासून सुमारे १६० किमी. दूरच्या फलाटांवर माणसे नेण्यासाठी १९८५ साली स्थापन झालेल्या पवन हंस या संस्थेची डॉफिन हेलिकॉप्टरे जुहूहून उडू लागली. त्यांच्या आरिएल एंजिनात एक अक्षीय व एक केंद्रोत्सारी टप्पा असून त्यांचा दंड दर मिनिटास ५०,००० हून अधिक फेरे घेतो.

येथे खरा शत्रू खारी हवा. पात्यांवर मिठाचे पुट चढले की, हवेचा ओघ घटतो आणि तेवढीच शक्ती मिळविण्यास टरबाइन अधिक तापवावे लागते. पुट वाढत गेल्यास संपीडकातील प्रवाह अस्थिर होऊन क्षणभर उलटाही वाहू शकतो (तंत्रज्ञ यास ‘सर्ज’ म्हणतात). मोठा आवाज होऊन शक्ती एकाएकी घटते. समुद्रावर ही गोष्ट किती गंभीर आहे, हे सांगावयास नको. तेथे दोन एंजिनांचे हेलिकॉप्टर पसंत केले जाते, ते यामुळेही. उपाय मात्र साधा आहे. उड्डाणे संपल्यावर इंधन न पेटविता एंजिन नुसते फिरवून त्यात क्षाररहित पाण्याचा फवारा सोडतात आणि नंतर ते थोडा वेळ चालवून आतून कोरडे करतात.