आयरिश पाइप घडविणारीं घराणीं

आयर्लंड म्हटलें म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित घरांतून पार्नेल, डी व्हॅलेरा व होमरूलची चळवळ यांचीं नांवें निघतात. राजकारणाच्या नादांत त्या देशाच्या कारागिरीकडे आपलें लक्ष सहसा गेलें नाहीं. म्हणून आज आम्ही वाचकांस तेथील एका वाद्याच्या, किंबहुना तें वाद्य घडविणाऱ्या हातांच्या, इतिहासाकडे नेऊं इच्छितों.

या वाद्याचें नांव इलन पाइप. आयरिश भाषेंतील 'इलन' हा शब्द कोंपराचा वाचक आहे. स्कॉच पलटणींतील बॅगपाइप वाचकांनीं पाहिला असेल. तो वाजविणारा उभा राहून तोंडानें फुंकतो. येथें वादक खुर्चीवर बसतो, उजव्या कोंपराखालचा भाता चालवून डाव्या काखेंतील पिशवी वाऱ्यानें भरतो, आणि मांडीवर टेकलेल्या नळीवर बोटें फिरवितो. ही मुख्य नळी दोन सप्तकें बोलते. सनईवाल्याच्या जोडीला नुसता सूर धरणारा बसतो, तद्वत् येथें तीन नळ्या अखंड सूर धरतात. आणखी तीन नळ्यांच्या चाव्या मनगटानें दाबल्या कीं निरनिराळे स्वर एकत्र उमटतात. एकंदर सात नळ्या आणि त्यांच्या सात पत्त्या! हें सारें एकच मनुष्य सांभाळतो हें वाचून आम्हांस प्रथम हंसूं आलें व मग नवल वाटलें.

हें वाद्य अठराव्या शतकांत आकारास आलें. त्या शतकाच्या उत्तरार्धांत मलिंगार गांवीं जेम्स केन्ना हा कारागीर नांवाजला होता; टिमथी केन्ना पुढें डब्लिनमध्यें प्रसिद्धीस आला. मॉरिस कॉइन याचें नांव डब्लिनच्या टॉमस स्ट्रीटशीं जोडलेलें आहे. बाहेरून पाहणाऱ्यास त्यांच्या कामांत लांकूड, हस्तिदंत व पितळ दिसतें. खरें कसब मात्र डोळ्यांआड असतें. मुख्य नळीची आंतील पोकळी निमुळती असते. तिचा उतार केसभर चुकला तर खालचें सप्तक सुरांत राहून वरचें बेसूर होतें. ही पोकळी कोरण्याचीं हत्यारें, आणि तीं कोठें थांबवावीं हें ओळखणारी नजर, ज्याला मिळाली तो खरा वारस. पत्तीचें तर विचारूंच नये! बोरूच्या जातीची ती पात किती तासावी हें गुरूच्या शेजारीं बसूनच कळावयाचें. कागदावर तें उतरत नाहीं.

अशी विद्या फार नाजूक असते. १८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर रोग पडला. पुढील सातएक वर्षांच्या दुष्काळांत सुमारें दहा लाख माणसें मेलीं, आणि त्याहून अधिक देश सोडून गेलीं. ऐकणारे गेले तसे वाजविणारेही गेले, आणि गिऱ्हाइकांमागून कारागीर गेले. मायकेल ईगन यानें लिव्हरपूल बंदरांत आपलें काम चालविलें. ड्रॉहेडाचे टेलर बंधू, विल्यम व चार्लस, १८७० नंतर अमेरिकेस जाऊन अखेर फिलाडेल्फियांत स्थिरावले. मायदेशीं शेकोटीभोवतीं बसून ऐकावयाचा मऊ आवाज तेथील मोठ्या नाटकगृहांत पुरेना. टेलरांनीं नळ्यांची पोकळी रुंद केली, स्वर चढविला, आणि वाद्य मोठ्यानें बोलूं लागलें. पॅट्सी टूहीसारखा रंगभूमीवर पोट भरणारा वादक त्यांचींच वाद्यें वाजवी. ध्वनिमुद्रिकांवरून सांगावयाचें तर आमचा कौल जुन्या, खालच्या स्वराच्या वाद्याकडे आहे. परंतु ज्याला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोंचवावयाचा आहे त्याला आमच्या आवडीनिवडीचा काय उपयोग? विसाव्या शतकांत हीच चढ्या स्वराची घडण रूढ झाली.

आयर्लंडांत बापाकडून मुलाकडे विद्या गेली असें ठसठशीत उदाहरण राउसम घराण्याचें. वेक्सफर्ड परगण्यांतील सॅम्युएल राउसम हा वादक. त्याचा मुलगा विल्यम डब्लिनला येऊन पाइप घडवूं लागला. आणि विल्यमचा मुलगा लिओ (१९०३-१९७०) वादक, कारागीर व शिक्षक असा तिहेरी नांवाजला. विशीच्या आंतच तो डब्लिनच्या म्युनिसिपल संगीतशाळेंत शिकवूं लागला व जन्मभर शिकवीत राहिला. बंद पडलेला पाइपवादकांचा क्लब त्यानें १९३६ सालीं पुन्हां उभा केला. पॅडी मोलोनी व लियम ओफ्लिन हे त्याचेच शिष्य. उत्तरेस बेलफास्टमध्यें रिचर्ड ओमीली १९४७ सालीं वारेपर्यंत वाद्यें घडवीत होता.

तथापि या घराण्यांची वंशावळ कागदावर काढूं गेल्यास रेघ ठिकठिकाणीं तुटते. अशा तुटलेल्या जागीं गुरूचें काम एखाद्या जुन्या वाद्यानें केलें आहे. १९०८ सालीं जेम्स एनिस या गृहस्थास लंडनमधील एका गहाणवट्याच्या दुकानांत पोत्यांत घातलेले पाइपचे सुटे भाग आढळले. ते त्यानें विकत घेतले. तें वाद्य टॉमस स्ट्रीटच्या कॉइनचें निघालें! दुरुस्त होऊन तें बोलूं लागलें. पुढें तें त्याच्या मुलाकडे, शेमसकडे, आलें, आणि १९८२ सालीं शेमस वारला तेव्हां त्याच्या इच्छेनुसार लियम ओफ्लिनकडे गेलें.

१९६८ सालीं बेटीस्टाउन येथें वादकांनीं 'ना पीबरी इलन' ही संस्था स्थापन केली, तेव्हां देशांत वाजविणारे शंभराच्या आंतबाहेरच उरले होते असें म्हणतात. त्यानंतरच्या पिढीचे कित्येक कारागीर इंग्लंड, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील. त्यांपैकीं पुष्कळांना शिकवावयास कोणी उस्ताद नव्हता. केन्ना, कॉइन, ईगन यांच्या नळ्यांत मापाच्या काड्या घालून पोकळीची रुंदी जागोजाग टिपीत ते शिकले. पत्ती मात्र मापानें साधेना. शेंकडों पत्त्या फुकट घालवून ती साधावी लागली. अलीकडे त्याच संस्थेनें डब्लिनमध्यें पाइप घडविण्याचें रीतसर शिक्षण देणारें केंद्र काढलें आहे, आणि २०१७ सालीं युनेस्कोनें या वादनकलेस मानवजातीच्या वारशाच्या यादींत स्थान दिलें. केन्नाच्या वेळीं जें काम गुरूच्या शेजारीं बसून चाले, तेंच आतां तेथें लेथपाशीं उभें राहून पुन्हां सुरू झालें आहे.